नव्या शाळेचा पदभार आणि बदलाची घाई

पदोन्नतीने किंवा बदलीने नव्या शाळेवर रुजू होणाऱ्या मुख्याध्यापकांना पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, पहिल्या दिवसापासून वचक बसवा, नंतर कोणी ऐकत नाही. दुसरा म्हणतो, वर्षभर काही हलवू नका, आधी माणसे ओळखा. दोन्ही सल्ले अर्धेच बरोबर आहेत. पहिल्याने शिक्षक दुरावतात. दुसऱ्याने वर्ष हातचे जाते, आणि जून महिन्यात डोळ्यांना खुपलेली गोष्ट पुढच्या जूनपर्यंत डोळ्यांच्या सवयीची होऊन जाते. बदल कधी करावा याआधी कोणता करावा हे ठरवावे लागते. काही बाबी त्याच दिवशी बदलाव्या लागतात, काहींसाठी पहिले काही आठवडे पाहण्यात घालवावेत, आणि काहींना हात न लावणेच शहाणपणाचे ठरते.

पुढील मांडणी मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. खाजगी अनुदानित शाळांना १९७७चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि त्याखालील १९८१ची नियमावली लागू असल्याने तेथे सेवाविषयक तपशील वेगळे असतात. शिक्षण हक्क कायद्यातील ज्या तरतुदी येथे आल्या आहेत, त्या मात्र तेथेही विसरून चालत नाही.

पहिला दिवस: पदभार मोजून घ्यावा

पदभार घेताना ‘सगळे ठीक आहे, सह्या करून टाका’ असा आग्रह होतो. गावातला सत्कार आटोपलेला असतो आणि जुन्या मुख्याध्यापकांना नव्या शाळेवर हजर व्हायचे असते. या घाईत झालेल्या सह्या पुढे लेखापरीक्षणाच्या वेळी आठवतात. पुढील बाबी प्रत्यक्ष पाहूनच सही करावी:

- जनरल रजिस्टर. शेवटचा दाखल क्रमांक कोणता, पाने सलग आहेत का, जन्मतारखेच्या रकान्यात खाडाखोड आहे का, हे पाहून शेवटच्या नोंदीखाली तारीख घालावी.
- कीर्द आणि बँकेचे पासबुक. दोन्हींची शिल्लक त्याच तारखेला जुळवावी. दिलेले पण न वटलेले धनादेश वेगळे लिहून घ्यावेत.
- पोषण आहाराचा साठा. तांदूळ वजन करून घ्यावा, पोती मोजून नव्हे. पहिली ते पाचवीसाठी दर विद्यार्थी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम हे धान्याचे प्रमाण आहे. ८४ पटाच्या चौथीपर्यंतच्या शाळेत सगळी मुले हजर असली तर दिवसाला ८ किलो ४०० ग्रॅम तांदूळ लागतो, म्हणजे ५० किलोचे पोते जेमतेम सहा दिवस पुरते. साठा नोंदवही या हिशेबाशी जुळत नसेल तर ते त्याच वेळी कळते.
- जडवस्तू. टीव्ही, संगणक, टॅब नुसते मोजू नयेत, चालू करून पाहावेत.
- शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. शेवटचे चार-पाच ठराव वाचावेत. अंमलबजावणी न झालेल्या ठरावांतच शाळेचे खरे प्रश्न दडलेले असतात.
- पोर्टलचे पासवर्ड. यू-डायस आणि इतर पोर्टलांवर जुन्या मुख्याध्यापकांचा मोबाईल क्रमांक नोंदवलेला असतो. तो बदलला नाही, तर प्रत्येक ओटीपीसाठी शंभर किलोमीटरवरच्या माणसाला फोन करत बसावे लागते.

काही कमी आढळले, तर ती तफावत पदभार यादीत आकड्यांसह लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्यात आरोपाची भाषा नसावी. आधीचे मुख्याध्यापक हजर नसतील किंवा टाळाटाळ करत असतील, तर केंद्रप्रमुखांच्या उपस्थितीत यादी करून तसे गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. समितीच्या बँक खात्यावरील सही बदलण्यासाठी ठराव लागतो. तो पहिल्याच बैठकीत घ्यावा, नाहीतर शाळेचा साधा खर्चही अडून राहतो.

बदलाच्या लेखात हे सगळे कशाला, असे वाटू शकते. पण ज्यांनी पदभार मोघम घेतला, त्यांना पहिले वर्ष जुने हिशेब निस्तरण्यात घालवावे लागते आणि नवे काही करायला उसंतच मिळत नाही.

ज्यासाठी थांबता येत नाही

मुलांची सुरक्षितता, कायदा आणि पैसा या तीन बाबतींत सर्वांची संमती मिळण्याची वाट पाहू नये. उघडी पाण्याची टाकी, लोंबणारी वायर, सुटलेला स्लॅब दिसला त्याच दिवशी तो भाग बंद करावा, पत्र नंतर लिहावे. पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी चाखून पाहण्याची नोंद मागील तारखांनी भरली जात असेल, तर ती प्रथा तेथेच थांबवावी.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातील तीन कलमे रुजू होण्यापूर्वीच वाचून ठेवावीत. कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मागितल्यावर तो तत्काळ द्यावा लागतो, आणि तो अडवून ठेवणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. पट टिकवण्यासाठी दाखला रोखण्याची रीत एखाद्या शाळेत रुळलेली असली, तरी तिचे उत्तर मुख्याध्यापकांनाच द्यावे लागते.

बालकांच्या लैंगिक अत्याचाराबाबतचा २०१२चा पोक्सो कायदा याहून कडक आहे. असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडण्याची शक्यता वाटली, तरी कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. आधी शाळेत चौकशी करू, समज देऊ, गावाची बदनामी नको, हे पर्याय कायद्याने ठेवलेलेच नाहीत. माहिती दडवणे हा कलम २१ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हे बदल करताना शब्द जपून वापरावेत. ‘मला हे चालणार नाही’ या वाक्याने विषय दोन माणसांचा होतो. ‘कायद्याने हे चालत नाही’ म्हटले की वाद घालायला समोर कोणी उरत नाही. छडी हातात दिसली तर वर्गासमोर काही बोलू नये. मधल्या सुट्टीत एकट्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगावे, आणि पुन्हा घडले तर लेखी सूचना द्यावी.

पहिले सहा ते आठ आठवडे: पाहणे आणि विचारणे

या काळात वरच्या बाबी सोडून इतर काही बदलू नये. याचा अर्थ कार्यालयात बसून राहावे असा नाही. रोज अर्धा तास आधी यावे, कुलूप कोण उघडते, वर्ग कोण झाडते, कोणती मुले सर्वांत आधी येऊन पायरीवर बसतात, ते पाहावे. प्रत्येक वर्गात शेवटच्या रांगेत एक-एक तासिका बसावे. तपासणीची वही सोबत असू नये, कारण ती दिसली की शिक्षक शिकवायचे सोडून दाखवायला लागतात.

प्रत्येक शिक्षकाशी अर्धा तास वेगळे बोलावे आणि ते त्यांच्या वर्गात, शाळा सुटल्यावर. कार्यालयात बोलावले की माणूस उभ्यानेच बोलतो. विचारायचे प्रश्न साधे असावेत:

- या शाळेतले काय मुळीच बदलू नये असे वाटते?
- रोजच्या कामातले कोणते काम निरर्थक वाटते?
- याआधी काय करून पाहिले आणि ते का बंद पडले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. नव्या मुख्याध्यापकांना सुचलेल्या दहा कल्पनांपैकी निम्म्या तरी त्या शाळेत एकदा होऊन गेलेल्या असतात. स्वयंपाकी ताई, अंगणवाडी सेविका आणि समितीचे अध्यक्ष यांच्याशीही असेच बोलावे. कोणत्या वस्तीवरची मुले पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की येऊ शकत नाहीत, हे हजेरीपटाआधी स्वयंपाकी ताईंना ठाऊक असते.

दिसणाऱ्या गोष्टीमागचे कारण शोधल्याशिवाय ती बदलू नये. वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटाचे उदाहरण घ्यावे. कपाटात तीनशे पुस्तके आहेत, किल्ली एका शिक्षिकेच्या पर्समध्ये आहे आणि मुले पुस्तकांना हात लावत नाहीत. नवे मुख्याध्यापक संतापतात, किल्ली मागून घेतात, कपाट उघडून ठेवण्याचा आदेश काढतात. पंधरा दिवसांत कपाट पुन्हा बंद. विचारपूस केली असती तर कळले असते की काही वर्षांपूर्वी हरवलेल्या पुस्तकांची किंमत वाचनालय सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडून वसूल झाली होती. कुलूप लागले ते आळसाने नव्हे, वसुलीच्या धास्तीने. ही धास्ती आदेशाने जात नाही. त्यासाठी समितीत ठराव करून फाटक्या व गहाळ पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वर पाठवावा लागतो, देवघेवीची वही मुलांच्या हाती द्यावी लागते, आणि यापुढे पुस्तक फाटले तर जबाबदारी शाळेची, असे मुख्याध्यापकांनी लिहून द्यावे लागते. एवढे झाले की किल्ली मागावी लागत नाही.

कारण शोधून मग रचना बदलण्याचा मोठा धडा महाराष्ट्रातच पालघर जिल्ह्यातील कोसबाडला मिळालेला आहे. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे जातात, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिले. त्यांनी मुलांच्या गैरहजेरीवर दंड बसवला नाही. त्या शाळाच अंगणात आणि गुरांच्या कुरणात घेऊन गेल्या. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना अशा निरीक्षणातून आलेल्या आहेत. आज हजेरी कमी असलेल्या शाळेत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे किती, हे मोजल्याशिवाय हजेरीची मोहीम जाहीर करण्यात अर्थ नसतो.

प्रभारी राहिलेले सहकारी

नव्या मुख्याध्यापकांची सर्वांत नाजूक गाठ बहुधा एकाच व्यक्तीशी पडते. पद रिक्त असताना ज्यांनी वर्ष-दोन वर्षे प्रभारी म्हणून शाळा ओढली, ते ज्येष्ठ शिक्षक आता पुन्हा वर्गावर गेलेले असतात. त्यांनी स्वतःचा वर्ग सांभाळून माहिती भरली, रात्री अकरापर्यंत पोर्टलशी झगडा केला, गावकऱ्यांची बोलणी खाल्ली. आणि आता कोणीतरी बाहेरून येऊन त्याच खुर्चीत बसून ‘हे असे का केले?’ म्हणून विचारते.

या बाबतीत तीन गोष्टी उपयोगी पडतात. पहिल्या शिक्षक सभेत त्यांनी केलेल्या कामांपैकी दोन-तीन कामांचा नावानिशी उल्लेख करावा. मोघम आभार मानले की ते औपचारिक वाटतात. ‘टाकीचा पाठपुरावा सरांनी केला म्हणून यंदा पाणी आहे’ असे म्हटले की सगळ्यांना कळते. दुसरे, त्यांच्या काळातला कोणताही निर्णय पहिल्या सत्रात जाहीरपणे फिरवू नये. चुकीचा असला तरी त्यांच्याशी आधी बोलून, शक्य तर दुरुस्ती त्यांच्याच तोंडून मांडली जाईल असे पाहावे. तिसरे, त्यांना एखादे खरे काम सोपवावे. परीक्षेचे नियोजन किंवा समितीच्या बैठकांची तयारी असे, ज्यात निर्णयाचा अधिकार आहे. मानाचे पद देऊन रिकाम्या हाताने बसवलेला ज्येष्ठ शिक्षक कशाने दुखावला, हे सांगायलाही येत नाही, आणि दुखावलेला राहतो.

याउलट परिस्थितीही येते. त्याच शाळेतला शिक्षक मुख्याध्यापक होतो आणि कालपर्यंत ‘अरे’ म्हणणारे मित्र आज हाताखाली असतात. अशा वेळी बोलण्याचालण्यातला जुना मोकळेपणा तोडायची गरज नसते. रजा, हजेरीची वेळ आणि पैसे या तीन बाबींत मात्र मित्राला आणि इतरांना एकच माप लावावे आणि पहिल्या महिन्यात ते दिसू द्यावे.

पहिला बदल कोणता निवडावा

एका सत्रात एकच मोठा बदल, हे प्रमाण पुरेसे आहे. तो निवडताना शिक्षकांचे ओझे वाढवणारा बदल आधी घेऊ नये, कमी करणारा घ्यावा. एकच माहिती दोन वह्यांत लिहिली जात असेल तर एक बंद करावी. प्रत्येक उपक्रमाचे पाच फोटो ग्रुपवर टाकण्याची पद्धत वरून मागितलेली नसेल तर थांबवावी. कोणते काम निरर्थक वाटते, या प्रश्नाला शिक्षकांकडून मिळालेली उत्तरे येथे कामी येतात. नव्या माणसामुळे आपले काम हलके झाले, हा अनुभव आधी आला, तर पुढच्या अवघड बदलाला माणसे कुरकुरत का होईना, तयार होतात.

अध्यापनातला बदल एका वर्गापासून सुरू करावा. समजा, तिसरी-चौथीतल्या मुलांचे वाचन कच्चे आहे. स्वतःहून तयार असलेल्या एका शिक्षकासोबत महिनाभर, रोज अर्धा तास, मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवून पाहावे. सुरुवातीला किती मुले अक्षराशी अडतात, किती शब्दाशी आणि किती उताऱ्याशी, हे एका कागदावर लिहावे आणि महिन्याने पुन्हा लिहावे. तो कागद इतर शिक्षकांसमोर ठेवला की भाषण करावे लागत नाही. आकडे हलले नसतील तर तेही तसेच सांगावे. त्यासाठी रोजच्या वेळापत्रकातला अर्धा तास कोठून काढला हेही ठरलेले असावे. नवे काही घालताना जुने काही काढले नाही, तर दोन्ही अर्धवट होतात.

दुसऱ्या शाळेतले यश जसेच्या तसे उचलण्यात मोठा धोका असतो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परत आल्यावर अनेक शाळांच्या फरश्यांवर तक्ते आणि वर्तुळे रंगली. मुलांना हाताळायला साहित्य देणे, त्यांच्या चुकांवरून पुढची कृती ठरवणे, हा त्या कामाचा गाभा रंगाच्या डब्यातून येण्यासारखा नव्हता.

वेळेचे भानही हवे. जूनमध्ये प्रवेश व पुस्तकवाटप, दिवाळीआधी प्रथम सत्राच्या परीक्षा, हिवाळ्यात क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन. अध्यापनात काही नवे रुजवायला जुलै ते सप्टेंबर आणि दिवाळीनंतरचे काही आठवडे एवढीच सलग जागा मिळते. वर्गवाटपाला वर्षाच्या मध्ये हात लावू नये. शाळेतली निम्मी भांडणे वर्गवाटपावरून होतात. त्याची चर्चा एप्रिलमध्ये करून जूनपासून अंमल करावा.

अधिकार आणि मर्यादा

मुख्याध्यापकांचा अधिकार वाटतो त्याहून लहान आणि वापरला जातो त्याहून मोठा असतो. वेळापत्रक, वर्गवाटप, शिक्षक सभा आणि शाळेअंतर्गत कामांची वाटणी ही त्यांच्या हातात असते. शिस्तभंगाची शिक्षा देणे त्यांच्या हातात नसते. ते खुलासा मागू शकतात आणि वस्तुनिष्ठ अहवाल पाठवू शकतात. ‘बघतोच तुमची बदली कशी होत नाही’ अशा धमकीमागे कोणताही अधिकार नसतो, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक असते.

शाळा व्यवस्थापन समिती हा विसरला जाणारा आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. शाळा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. मोठा बदल या आराखड्यात आला की तो एकट्या मुख्याध्यापकांचा राहत नाही. केवळ सह्यांसाठी वही घरोघर फिरवणाऱ्या शाळांना मात्र हा आधार मिळत नाही.

शिक्षकांचे हक्कही माहीत असावेत:

- शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणबाह्य कामाला लावता येत नाही.
- कायद्याच्या अनुसूचीतील आठवड्याच्या ४५ तासांत अध्यापनाची तयारीही धरलेली आहे. शाळा सुटल्यावर रोज बैठक लावताना हे लक्षात ठेवावे.
- प्रतिकूल अहवालापूर्वी शिक्षकाला आपली बाजू लेखी मांडण्याची संधी द्यावी.
- लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या शाळेतील महिलांना २०१३च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही माहिती शाळेत लावलेली असावी.

मुख्याध्यापकांनी स्वतःसाठीही एक सवय लावून घ्यावी. फोनवरून आलेला तोंडी आदेश नियमाबाहेरचा वाटला, तर ‘आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार’ अशी सुरुवात करून लेखी मार्गदर्शन मागवावे. बऱ्याचदा मग आदेशच बदलतो.

विरोध झाला तर

‘हे इथे चालणार नाही’ या एका वाक्याचे तीन अर्थ असतात: मला हे येत नाही, मला वेळ नाही, किंवा तुम्ही दोन वर्षांत जाल आणि हे आमच्या गळ्यात राहील. पहिल्यावर शिकवणे हा उपाय आहे, तेही सर्वांसमोर नाही. दुसऱ्यावर एखादे काम काढून घेणे. तिसरी शंका रास्त असते, आणि तिला शब्दांनी उत्तर देता येत नाही. बदल कागदावर, ठरावात आणि वेळापत्रकात बसवला तरच ती कमी होते. सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सहा शिक्षकांच्या शाळेत तिघे तयार झाले, तरी काम सुरू होते.

काही चुका मात्र विरोध ओढवून घेतात. ‘आमच्या आधीच्या शाळेत असे होते’ हे वाक्य त्यांत पहिले. ते महिन्यातून एकदा जरी ऐकू आले, तरी समोरच्यांना आपली शाळा कमी लेखली जाते असे वाटते. जुन्या मुख्याध्यापकांच्या काळातला फलक पुसून आधी रंगरंगोटी करणे, एका शिक्षकाकडून दुसऱ्याची माहिती काढणे, आणि एकाची चूक शाळेच्या ग्रुपवर सर्वांना उद्देशून लिहिणे, या बाकीच्या.

सत्र संपताना

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एक तासाची सभा केवळ आढाव्यासाठी ठेवावी. केलेला बदल चालू ठेवायचा, दुरुस्त करायचा की सोडून द्यायचा, एवढेच त्यात ठरवावे. सोडायचा ठरला तर तसे स्पष्ट जाहीर करावे, नुसता विरू देऊ नये. विरलेल्या उपक्रमाची वही पुढची तीन वर्षे कोणीतरी भरत राहते. टिकलेला बदल समितीच्या इतिवृत्तात कारणासह नोंदवावा: काय अडत होते, काय केले, कोणती मुले कोठून कोठे आली. पुढची बदली झाली की पदभार यादीत कीर्द आणि जनरल रजिस्टरसोबत ही वहीही नव्या मुख्याध्यापकांच्या हाती जाते.